माल सांध्यावर अडतो

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या सभेत संस्थेचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि खाली बसावे, असा शिरस्ता आहे. आभाराचे काम आपल्या चिटणीसांनी आमच्याहून चांगले केले आहे. म्हणून आम्ही आज जरा रुक्ष वाटणाऱ्या एका विषयावर बोलण्याची परवानगी मागितली. आपल्या आशिया खंडात माल एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना कोठे अडतो व का अडतो, हा तो विषय. धर्मादाय संस्थेच्या सभेत व्यापाऱ्यांची ही चर्चा कशाला, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर शेवटी देऊ. तोवर थोडा धीर धरावा, एवढी विनंती.

आरंभ घरापासूनच करू. १८६२ साली महाराजा खंडेराव गायकवाडांच्या अमदानीत डभोई ते मियागाम असा सुमारे ३२ किलोमीटरांचा रेल्वेमार्ग झाला. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, आणि आरंभी डबे ओढायला बैल! डभोईकडचा कापूस मुंबईच्या मोठ्या लाइनीपर्यंत न्यावा, हा त्यामागचा हेतू. पुढे इंजिने आली, फाटे फुटले, आणि डभोई हे अरुंद मार्गांचे मोठे जंक्शन बनले. बडोदे संस्थानास अभिमान वाटावा असेच हे काम होते. पण मोठी लाइन साडेपाच फुटांची. अरुंद मार्गावरचा डबा तिच्यावर चालणार कसा? तेव्हा मियागामला गाडी आली की माल एका डब्यातून उतरवायचा आणि हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढवायचा. हमाल नसले तर थांबायचे, पुढचा डबा रिकामा नसला तर थांबायचे, पाऊस आला तर झाकाझाक करायची. ज्या जागी माल असा एका वाहनातून दुसऱ्यात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, त्या जागेस आपण आजपुरते ‘सांधा’ म्हणू. जानेवारी २०२१ मध्ये डभोईवरून केवडियापर्यंत ब्रॉडगेज गाडी धावू लागली. त्या दिशेचा सांधा जायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

डभोईची ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर चीन आणि कझाकस्तान यांच्या सीमेवर खोर्गोस येथे जावे. चीनचे रूळ १,४३५ मिलिमीटरांचे. कझाकस्तानचे १,५२० मिलिमीटरांचे, कारण ते जुन्या रशियन साम्राज्याच्या मापावर घातलेले आहेत. फरक चार बोटांहून थोडा अधिक. पण त्या चार बोटांसाठी युरोपकडे निघालेली संपूर्ण आगगाडी सीमेवर उभी राहते. २०१५ पासून तेथे मोठे कोरडे बंदर चालते. समुद्राचा थेंब नाही, पण बंदरासारख्या याऱ्या आहेत. त्या चिनी गाडीवरची पेटी उचलून शेजारच्या कझाक गाडीवर ठेवतात. पेटी उघडावी लागत नाही, आत काय आहे हे यारीला ठाऊक असण्याचीही गरज नाही.

ही पेटी म्हणजेच कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर अशा ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. त्याने जहाजाचा वेग वाढवला नव्हता, रस्ताही जवळचा शोधला नव्हता. धक्क्यावर गोणी-गोणी उतरवण्यात जे दिवस जात, ते त्याने वाचवले. जगाचा व्यापार त्यामुळे बदलला. समुद्र होता तेवढाच राहिला, सांधा मात्र लहान झाला.

पेटी आली म्हणून सर्व सांधे मिटले, असे कोणी समजू नये. काही सांधे लोखंडाचे नसतात, कागदाचे असतात. पश्चिम बंगालमध्ये पेट्रापोल आणि पलीकडे बांगलादेशात बेनापोल, ही आपल्या देशाच्या जमिनीवरील व्यापाराची मोठी वाट. दोन्ही बाजूंना रस्ता सारखा, चाके सारखी. तरीही आपला मालट्रक सीमेपलीकडच्या आवारात जाऊन रिकामा होतो आणि माल तेथून बांगलादेशी ट्रकमध्ये भरला जातो, कारण ट्रकाने पुढे जाण्याचा परवाना नाही. २०१६ साली पेट्रापोलला सर्व खाती एकत्र बसवणारे नवे तपासणी ठाणे झाले. त्याने सोय वाढली, पण हातबदल राहिलाच. भाजी, मासळी, कापड यांना ही ताटकळ सारखी सोसत नाही. कापड थांबते, मासळी नासते. वाहतुकीच्या हिशेबात ‘वेळ’ ही रक्कम प्रत्येक जिनसेला निराळी लागते, हे येथे ध्यानात येते.

आता जमीन सोडून बेटांकडे वळू. फिलिपाइन्समध्ये ७,६४१ बेटे आहेत. पूर्वी एका बेटावरचा तांदूळ दुसऱ्यावर न्यायचा तर ट्रकातून धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजात, आणि पलीकडे पुन्हा हाच क्रम उलटा. प्रत्येक उचल-ठेवीचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक वेळी पोते फाटण्याची भीती. २००३ साली तेथील सरकारने निराळीच योजना अंगिकारली. भरलेला ट्रकच जहाजात चालवत न्यायचा आणि पलीकडच्या बेटावर चालवत उतरवायचा. रस्ता आणि नौका मिळून एकच मार्ग झाला. युक्ती इतकी साधी की ती आधी का सुचली नाही, असे वाटावे.

इंडोनेशियाचे दुखणे मात्र अधिक खोल आहे. तेथे सतरा हजारांहून अधिक बेटे. कारखाने आणि माणसे यांची दाटी पश्चिमेस जावा बेटावर, आणि पूर्वेस पापुआपर्यंत विरळ वस्ती. त्यामुळे पूर्वेकडे सिमेंट, तांदूळ, तेल महाग. सरकारने २०१५ च्या नोव्हेंबरात ‘समुद्री महामार्ग’ या नावाने ठरावीक दिवशी सुटणारी, सरकारी मदतीवर चालणारी जहाजे सुरू केली. सुराबायासारख्या बंदरातून जहाज भरून निघू लागले. पण परत येताना? तेथून आणावे असे फारसे काही जमा झालेले नसे. मासळी आहे तर बर्फघर नाही, खोबरे आहे तर ते गोळा करून धक्क्यावर आणणारा नाही. जहाज रिकामे परतले की परतीचे भाडेही जातानाच्या सिमेंटवरच चढते. हे सांगण्याचे कारण एवढेच की, ज्या गावाला आपण माल पाठवतो, त्या गावाकडून घेण्याजोगे काय आहे याचाही विचार करावा लागतो. नुसते देत राहिले तर देणेही महाग पडते.

परतीच्या फेरीचा धडा सर्व जगाने २०२१ साली घेतला. महामारीत अमेरिकेकडे माल अफाट गेला, बंदरे तुंबली, आणि रिकाम्या पेट्या तिकडेच अडकल्या. इकडे आशियात कारखान्यांत माल तयार, जहाजेही होती, पण भरायला पेटी नाही! ज्या रिकाम्या पेटीकडे कोणी पाहत नव्हते, तिच्यावाचून भरलेला माल बसून राहिला.

आतापर्यंत सांगितले ते अडण्याचे. आता एक न अडल्याचे उदाहरण सांगतो, आणि ते आपल्याच देशाचे आहे. पोलिओची लस उन्हात टिकत नाही. ती साठ्यापासून जिल्ह्याला, जिल्ह्यापासून आरोग्य केंद्राला, आणि तेथून बर्फाच्या पेटीत घालून कार्यकर्तीच्या खांद्यावरून घरोघर जाते. म्हणजे सांधे किती! आणि एकाही सांध्यावर ती तापली तर बाळाच्या तोंडात थेंब जातो पण गुण जात नाही. हे सांधे टाळता येण्याजोगे नव्हते. म्हणून प्रत्येक सांधा डोळ्यांनी तपासता येईल अशी सोय केली गेली. १९९६ पासून लसीच्या बाटलीवर एक छोटी खूण आली. वर्तुळात फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा तो चौकोन गडद होतो, आणि बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली टाकून द्यायची. पुस्तक शिकलेले नसले तरी ही खूण वाचता येते. डोस दिल्यावर मुलाच्या बोटाला शाई, आणि घराच्या भिंतीवर खडूने खूण. सर्व मुले झाली तर एक, कोणी राहिले तर दुसरी. राहिलेल्या घरी पुन्हा जायचेच. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लस बनवणाऱ्यांची थोरवी आहेच. पण ती शेवटच्या उंबरठ्यापर्यंत नेणाऱ्यांची आणि भिंतीवर खडूने खूण करणाऱ्यांची थोरवी त्याहून कमी नाही.

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर आपण कच्छला मदत पाठवली, हे येथील अनेकांना आठवत असेल. तीन दिवसांत ब्लँकेटे, धान्य, कपडे जमले. दोन ट्रक भरले. लोकांनी हात आखडता घेतला नाही. सूरजबारीच्या पुलावरची रांग ओलांडून आम्ही भचाऊच्या बाजूस पोहोचलो, आणि तेथे आमच्या लक्षात आले की माल कोणाच्या हाती द्यायचा हे आपण कोणासच विचारलेले नाही. वस्त्यांच्या वाटेवर मोठा ट्रक जाईना. लहान वाहनाची तजवीज केली नव्हती, त्यासाठी पैसेही वेगळे ठेवले नव्हते. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणाहून आलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते, त्यांत आमचाही पडायचा. दीड दिवस माल मैदानात राहिला. मग एका खेड्यातले शिक्षक ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांच्याजवळ वही होती, तीत घरवार नावे होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक नावापुढे खूण केली. वाटप होताना एका म्हाताऱ्या आजीने ब्लँकेट हाती घेतले आणि आम्हांस विचारले, “हे इतके दिवस होते कुठे?” खरे उत्तर असे होते की ते सात किलोमीटरांवर होते. ते देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

बडोद्याहून भचाऊपर्यंतचे अंतर आपण एका रात्रीत तोडले. दीड दिवस गेला तो शेवटच्या सांध्यावर. ही चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमचीच होती. म्हणून पन्नासाव्या वर्षी आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक विनंती ठेवतो. आपल्या अंदाजपत्रकात ‘वाहतूक व वाटप’ हा खर्च जितका कमी तितके काम चोख, असे आपण आजवर मानत आलो. तो समज सोडावा. मदत निघण्यापूर्वी पलीकडे ती उतरवून घेणाऱ्या माणसाचे नाव आपल्या वहीत असावे. शेवटच्या लहान वाहनाचे पैसे आरंभीच बाजूला काढावेत. विद्यार्थ्यांच्या वह्यांनाही हाच नियम लावावा. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा ऑगस्टात हाती पडलेली वही ही अर्धीच वही होय.

आपल्या दप्तरात देणग्यांच्या पावत्या पन्नास वर्षे नीट लावून ठेवल्या आहेत. त्या चाळताना ऊर भरून येतो. पोचपावत्यांची फाइल मात्र फार पातळ आहे. येत्या वर्षांत ती जाड व्हावी, एवढीच इच्छा.