काचेचं घर आणि कपड्यांचं कपाट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलंय, "अमेरिकेतलं काहीतरी सांग, पण पाच मिनिटांत." म्हणून एका घराबद्दल सांगते.

शिकागोपासून साधारण ९० किलोमीटरवर प्लानो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी हे घर आहे. पांढऱ्या रंगाचे आठ पोलादी खांब, जमिनीपासून पाचेक फूट उचललेली फरशी, वर सपाट छप्पर आणि चारही बाजूंना नुसती काच. आत सुमारे १५०० चौरस फुटांची एकच खोली. मधोमध लाकडी गाभा, त्यात स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरं आणि शेकोटी. वास्तुरचनाकार लुडविग मीस व्हॅन डर रोहे. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी हे घर अभ्यासतात.

ते बांधून घेतलं डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांनी. त्या शिकागोत मूत्रपिंडविकारांच्या डॉक्टर होत्या, एकट्या राहायच्या. सुट्टीत निवांत राहायला त्यांना घर हवं होतं. १९४५ मध्ये दोघांची ओळख झाली, १९५१ मध्ये घर पूर्ण झालं. तोवर खर्च वाढला होता आणि मैत्री आटली होती. फीवरून मीस कोर्टात गेले, बाईंनी उलट दावा लावला. निकाल मीस यांच्या बाजूने लागला, मग तडजोड झाली.

बाईंच्या तक्रारी साध्या होत्या. उन्हाळ्यात घर तापतं आणि उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही लहान. नदीकाठचे डास. आणि कपडे टांगायला कपाट नाही! पुराचा विचार करून घर उंचावर बांधलं होतं, तरी १९५४ मध्ये पाणी आत शिरलंच. पुढे १९९६ आणि २००८ मध्येही शिरलं. पण बराच काळ लोकांच्या लेखी मीस प्रतिभावंत आणि बाई भांडखोर गिऱ्हाईक.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी मी रुग्णालयातल्या नर्सेससाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममध्ये होते. पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून मी खाटेचा क्रमांक एका बटणामागे लपवला. एक अनुभवी नर्स म्हणाली, "मला तो सतत समोर लागतो." ती तो पेनाने तळहातावर लिहून घ्यायची. मी अहवालात लिहिलं, 'वापरणाऱ्यांना प्रशिक्षणाची गरज.'

त्याच महिन्यात मी ते घर पाहायला गेले. मार्गदर्शक बाईंनी एक लाकडी कपाट दाखवलं. डॉक्टरबाईंच्या मागणीमुळे ते नंतर बनवावं लागलं होतं. त्या कपाटासमोर मला तो तळहात आठवला. सोमवारी मी नर्सला फोन केला, माफी मागितली. क्रमांक परत समोर आला. पडदा थोडा गिचमिड दिसतो, दिसू दे.

घर वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. संध्याकाळी झाडं अक्षरशः खोलीत येतात. मी पायऱ्यांवर अर्धा तास बसून होते, उठवेना. बाईंनाही ते कळत असणार. इतकं होऊनही त्यांनी वीसेक वर्षं ते घर वापरलं. १९७२ मध्ये विकलं, इटलीत गेल्या, इटालियन कवितांचे अनुवाद केले. आज ते घर एका राष्ट्रीय वारसा संस्थेकडे आहे. २०२१ पासून त्याचं नाव 'एडिथ फार्न्सवर्थ हाउस' झालंय. बाईंचं पूर्ण नाव लागायला सत्तर वर्षं गेली.

आपल्या शाळेतली पाण्याची टाकी आठवते? नळ उंच होते, पहिलीच्या पोरांचे हात पुरायचे नाहीत. शिपाईमामांनी हेडसरांना सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात दोन नळ खाली आले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कुणी शिकवलं नाही. ते मी इथेच पाहिलं होतं, मध्ये विसरले होते.