चकाकी पुरवायची कशी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा धंदा गाड्या रंगवण्याचा. काम शिकलो साताऱ्यात आणि दुकान टाकलं सांगली-मिरजेच्या मध्ये. रेडिओवर बोलायला बोलावलं तेव्हा मला जरा हसूच आलं. रंग ही डोळ्यांनी बघायची गोष्ट, ती कानांना काय सांगायची? मग म्हटलं, आपली एक चूक सांगावी. चूक ऐकायला लोकांना आवडतं.

तासगावकडचे एक गुरुजी त्यांची रुपेरी रंगाची गाडी घेऊन आले. गाडी जुनीच घेतलेली, पण जपलेली. ती विकून मुलीच्या शिक्षणाची फी भरायची होती. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. गुरुजी म्हणाले, ‘‘मिस्त्री, खर्च जास्त नको, फक्त जरा चमकवून द्या.’’ मी बॉनेटला कंपाउंड लावलं आणि मशीन फिरवलं. पाचच मिनिटांत आरसा झाला. गुरुजी खूष, मी खूष. मग बॉनेटच्या कडेला थोडं मळकट दिसलं म्हणून तिथं पुन्हा मशीन टेकवलं. आणि बघता बघता तिथं रुपयाएवढा राखाडी, निस्तेज डाग उमटला. मी मशीन बंद केलं. पण वेळ निघून गेली होती. वरचं क्लिअर संपलं होतं, आणि मी खालच्या रंगाला लागलो होतो.

आता हे क्लिअर म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे कुणी त्याला लॅकरही म्हणतात. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या प्रिया स्कूटर तयार व्हायच्या, तो जमाना ज्यांना आठवतो त्यांना जुना रंग माहीत असेल. त्या काळी साध्या रंगात रंग आणि चमक एकाच थरात असायची. ऊन खाऊन तो थर पांढरट पडला की घासायचा, खालून ताजा रंग वर यायचा. फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. पुढं मेटॅलिक रंग आले आणि काम विभागलं गेलं. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर, आणि सगळ्यांत वर बिनरंगी, पारदर्शक क्लिअर. रंग खाली दिसतो, पण चमक वरच्या थराची असते. ऊनही तोच अंगावर घेतो, कारण उन्हातले अतिनील किरण अडवणारं औषध त्याच्यात घातलेलं असतं.

आणि हा थर असतो तरी केवढा? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा. म्हणजे एका केसापेक्षा पातळ कातडी, आणि तिच्यावर गाडीची सगळी शोभा. कंपाउंड मारून आपण ओरखडा भरत नाही, हे नीट लक्षात घ्या. ओरखड्याच्या आजूबाजूचं क्लिअर खरवडून त्याच्या तळाच्या पातळीला आणतो. प्रत्येक वेळी चमक येते ती त्या साठ्यातून येते. कडेला आणि कंगोऱ्यावर तर थर आणखी पातळ असतो. गुरुजींच्या आधी ती गाडी ज्या व्यापाऱ्याकडे होती, त्यानं विकताना ती घासली असणार. बहुधा एकदा नाही, दोनदा. मी विचारलं नाही, थर मोजला नाही. मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

बॉनेट मी माझ्या खर्चानं रंगवून दिलं. पण रविवारी आलेलं गिऱ्हाईक हुशार होतं. त्यानं बॉनेटच्या आतल्या कडेवर हात फिरवला, नवा रंग ओळखला आणि म्हणाला, ‘‘ॲक्सिडेंटची दिसते.’’ गुरुजींनी परोपरीनं सांगितलं. सौदा मोडला. पुढं गाडी गेली, पण पडत्या भावात. कंपनीतला मूळ रंग एकदा गेला की तो परत आणता येत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली तशी आधी कुठल्या उस्तादानं सांगून कळली नव्हती.

म्हणून आता कुणी ‘चमकवून द्या’ म्हणालं, की मी आधी नख फिरवतो. ओरखड्यात नख अडकलं नाही तर पॉलिशनं काम भागतं. अडकलं तर घासत बसू नये. टच-अप भरावा, नाहीतर तो राहू द्यावा. आणि टपावर किंवा बॉनेटवर पापुद्रे सुटल्यासारखं पांढरं दिसत असेल, नखानं कड उचलत असेल, तर कंपाउंडवर एक रुपयाही घालवू नका. क्लिअरनं जागा सोडली की ते चिकटत नाही. वरून नवं क्लिअर मारलं तरी कडेनं पुन्हा सुटतं. तो पूर्ण भाग घासून, रंग आणि क्लिअर दोन्ही नव्यानं मारावं लागतं. दुसरा उपाय सांगणारा एकतर नवखा आहे किंवा लबाड.

आपल्या भागात या कातडीचे शत्रू वेगळे आहेत. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की चिपाडाची काळी काजळी गाड्यांवर बसते. सकाळी माणूस घाईत कोरड्या फडक्यानं ती पुसतो. ती पुसली जात नाही, घासली जाते. मग उन्हात बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. काजळी आधी पाण्याच्या धारेनं वाहून जाऊ द्यावी. पुसायचं ते नंतर, मऊ आणि ओल्या फडक्यानं. बादल्या दोन घ्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. बोअरचं पाणी जड असतं. उन्हात गाडी धुतली की थेंब जागीच वाळतो आणि क्षाराचा पांढरा गोल राहतो. तो ताजा असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी फडक्यावर घेऊन सावलीत पुसावं आणि लगेच स्वच्छ पाण्यानं धुवावं. पाखरांची घाण वाळली असेल तर ओलं फडकं पाचदहा मिनिटं तिच्यावर ठेवा, मग उचला. खरवडू नका. तापलेल्या बॉनेटवर क्लिअर किंचित मऊ पडतं, आणि ती घाण त्यात आपला ठसा उठवते. रॉकेलच्या बोळ्यानं गाडी पुसणारे ड्रायव्हर अजून भेटतात. तेलकट चकाकी संध्याकाळपर्यंत राहते आणि दिवसभराची धूळ धरून ठेवते.

पण खरी परीक्षा झाली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, हे सांगलीकराला सांगायला नको. पाणी ओसरलं आणि गाड्या बाहेर आल्या त्या गाळानं माखून. माणसं आधीच खचलेली. घर धुवायचं, दुकान धुवायचं, आणि दारातली गाडी बघवत नाही म्हणून हातात येईल त्यानं ती पुसून काढायची. कुणी गोणपाट घेतलं, कुणी खराटा. इंजिनाचा खर्च विमा कंपनीशी भांडून काही जणांना मिळाला. पण वाळलेल्या गाळानं ओरबाडलेलं क्लिअर बघून आलेले लोक मी किती परत पाठवले! नदीचा गाळ म्हणजे बारीक रेतीच. तो भिजवून, पुन्हा भिजवून, पाइपच्या धारेनं उतरवायला हवा होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा माझ्या ओळखीच्यांना मी आधीच फोन करून सांगितलं, पुसू नका, नुसतं पाणी मारा. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्या साध्या पॉलिशवर निभावल्या.

आता थोडं आमच्या बाजूचं. नवं क्लिअर मारताना दोष येतात ते बहुतेक घाईनं. एका हातावर दुसरा हात मारायच्या आधी थिनर उडून जायला दहाएक मिनिटं थांबायचं असतं. थांबला नाही तर आत कोंडलेलं थिनर बाहेर पडताना टाचणीच्या टोकासारखी भोकं पाडतं. जाड हात मारला तर ओघळ येतात, गन लांब धरली तर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो. हे दोन्ही वाळल्यावर १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरनं काढता येतात. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या घाटाकडच्या हवेत, हार्डनरचा डबा उघडा राहिला तर तो ओल धरतो आणि क्लिअरमध्ये बुडबुडे येतात, चमक मरते. आणि एक मासळीच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो. तो आला की समजावं, पत्र्यावर तेल नाहीतर डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन राहिलं.

या हार्डनरबद्दल आणखी एक. त्यात आयसोसायनेट असतं. ते श्वासातून आत गेलं की काहींना कायमचा दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा फवाऱ्यानंही धाप लागते. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून काही वाचत नाही. ज्यांच्या हाताखाली मी गन धरायला शिकलो, ते उस्ताद शेवटी दुकानाच्या दारातही उभे राहू शकत नसत. क्लिअरचा नुसता वास आला की छाती भरून यायची. माझ्या पोरांना मी फिल्टरवाला मास्क दिलाय. तोही बंद खोलीत पुरत नाही, बाहेरची हवा पाइपनं पुरवणारा मास्क लागतो. त्याचे पैसे बिलात येतात. गाडी रंगवायला टाकाल तेव्हा भाव कमी करण्याआधी पोरगा रुमाल बांधून गन मारतोय का, तेवढं बघा.

सिरॅमिक कोटिंगचं लोक फार विचारतात. चांगलं केलं तर धूळ-पाणी कमी चिकटतं, धुवायला सोपं जातं. पण ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आहे. खंबाटकी घाटात समोरच्या ट्रकनं उडवलेला खडा ती पेन्सिल वाचून थांबत नाही.

शेवटी दसरा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुकानात नुसती रांग असते, आणि सगळ्यांना गाडी संध्याकाळी हवी. मी स्पष्ट नाही म्हणतो. क्लिअर हाताला सुकलं तरी आतून पुरतं कडक व्हायला दिवस लागतात. त्यावर दुसऱ्याच दिवशी ओली झेंडूची माळ रात्रभर राहिली, नारळाचं पाणी वाळलं, की त्याचा छाप कायमचा. काम आठपंधरा दिवस आधी आणा. हळदकुंकू बॉनेटवर न लावता नंबरप्लेटच्या वर कागद लावून त्यावर लावा, देवाला ते पोचतं. माळ संध्याकाळी उतरवा. तिची तार दिवाळीपर्यंत जाळीवर घासत ठेवू नका. आणि नव्या रंगावर दोन महिने मेण लावू नका. गुरुजींनी आता दुसरी गाडी घेतली आहे. दर दसऱ्याला ते ती मला दाखवायला आणतात, पण मशीनला हात लावू देत नाहीत.