रंग गेला, विष गेले का?

तामिळनाडूतील तिरुप्पूर हे नगर होजिअरीच्या कपड्यांसाठी जगभर ओळखले जाते. तेथूनच नोय्यल नदी वाहते. खालच्या भागातील शेती भिजावी म्हणून या नदीवर ओरत्तुपालयम धरण बांधण्यात आले. त्यात साठले मात्र रंगकामाचे खारट सांडपाणी! ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्या शेतकऱ्यांवरच ‘हे पाणी सोडू नका’ असे म्हणण्याची वेळ आली. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगकाम कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्याचे शिवार आधीच नासले होते. आता कामगाराची चूलही थंडावली.

सुती कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. उरलेला पाण्याबरोबर जातो. रंग धाग्याने धरावा म्हणून घातलेले मीठही त्याच वाटेने जाते. चुना वा तुरटीसारखे क्षार घालून रंग तळाशी बसवता येतो. पण मागे गाळाचे ढीग उरतात.

सृष्टीने यावर सौम्य उपाय दिले आहेत. हवाबंद टाकीतील जीवाणू अ‍ॅझो रंगांचे रेणू तोडतात आणि पाणी निवळते. येथेच फसगत होते. तुटलेल्या रेणूंपासून अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. म्हणून ते पाणी पुढे हवा खेळवलेल्या टाकीत नेऊन तेथील जीवाणूंकरवी शुद्ध करावे लागते. लाकूड कुजविणारी पांढरी बुरशीही आपल्या विकरांनी रंगाचे विघटन करते. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा रंग शोषून घेतो. मात्र त्या वापरलेल्या कोळशाची विल्हेवाटही नीट लावावी लागते.

मीठ मात्र जीवाणूही खात नाहीत, कोळसाही शोषत नाही. तिरुप्पूरला त्यासाठी सूक्ष्म पटलातून गाळण्याचा आणि उरलेले पाणी आटविण्याचा मार्ग धरावा लागला. त्यातून पाणी आणि मीठ पुन्हा कामी येते. वीज व इंधन मात्र भरपूर लागते.

तेव्हा इचलकरंजी असो वा सोलापूर, नाल्याचे पाणी पांढरे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. रंग कोठे गेला, मीठ कोठे गेले, गाळ कोठे टाकला, हे तीन प्रश्न नागरिकांनी विचारलेच पाहिजेत. शुद्धीकरणाचा खर्च कापडाच्या किमतीत धरला नाही, तर तो नदीकाठच्या शेतकऱ्याकडून वसूल होतो. आपले वस्त्र स्वस्त व्हावे म्हणून त्याने आपली विहीर गमावावी, हा न्याय नव्हे.