पडद्यावरचा ट्रेडर आणि लपवलेली चूक



आजचा विषय मला माझ्या खालाच्या मुलाने दिला. तो मिरजेला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "भाई, तू बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करतोस ना? ‘इंडस्ट्री’ बघितलीस? तिथे खरंच असं असतं का? मी ठरवलंय, मला ट्रेडर व्हायचंय." त्याने प्रश्नही विचारला आणि उत्तराची वाट न बघता निर्णयही सांगून टाकला. म्हणून नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी माझ्याबद्दल. मी ट्रेडर नाही. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात नोकरीला लागलो आणि तेव्हापासून परदेशी बँकांच्या व्यवहारांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालींवर काम करतोय. लंडनमध्ये सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे अकरा वाजलेले असतात. तिथला ट्रेडर खुर्चीत बसून पहिला आकडा बघतो, तो आमच्यासारख्यांच्या कोडमधून गेलेला असतो. म्हणजे ट्रेडिंग फ्लोअर मला मागच्या दारातून माहीत आहे.

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘इंडस्ट्री’ २०२० साली सुरू झाली. मिकी डाउन आणि कॉनरॅड के या दोघांनी ती लिहिली. दोघांनीही आधी बँकांत नोकरी केलेली. लंडनमधल्या ‘पिअरपॉइंट’ नावाच्या काल्पनिक गुंतवणूक बँकेत काही तरुण नव्याने लागतात. काही महिन्यांनी त्यांतल्या काहींनाच कायम ठेवणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं. मुख्य पात्र हार्पर ही अमेरिकेतून आलेली कृष्णवर्णीय मुलगी. तिची पदवी पूर्ण झालेली नाही. कागदपत्रांत फेरफार करून ती आत आली आहे.

यात खरं काय? बरंच काही. फ्लोअरवर माणसं पहाटे येतात. नव्या मुलांना वरिष्ठांचं जेवण आणि कॉफी आणावी लागते. समोर चाललेली भाषा कुणी समजावून सांगत नाही. ऐकून ऐकून शिकावी लागते. आणि आपण इथले आहोत की नाही, ही धाकधूक कायम असते. लिहिणारे आतले असल्यामुळे हे सगळं नेमकं उतरलं आहे.

खोटं, किंवा फुगवलेलं काय? पहिली गोष्ट म्हणजे कामाचं स्वरूप. पडद्यावर वाटतं, ट्रेडर म्हणजे बँकेच्या पैशावर बाजी लावणारा हुशार माणूस. प्रत्यक्षात बँकेतला बराचसा व्यवहार ग्राहकासाठी असतो. समजा, एका ब्रिटिश कंपनीला तीन महिन्यांनी डॉलरमध्ये पैसे द्यायचे आहेत. ती बँकेला भाव विचारते. ग्राहकाशी बोलणारा सेल्सचा माणूस ट्रेडरला विचारतो. ट्रेडर विकण्याचा एक आणि घेण्याचा एक, असे दोन भाव देतो. त्यांच्यातल्या लहानशा फरकावर बँक कमावते. आपला भाजीवाला काय वेगळं करतो? फक्त इथे माल म्हणजे चलन, आणि रक्कम कोटींची.

२००८च्या पडझडीनंतर अमेरिकेत २०१० साली डॉड-फ्रँक कायदा आला. त्यातल्या व्होल्कर नियमाने बँकांनी स्वतःच्या फायद्यासाठी सट्टा खेळण्यावर बंधनं घातली. नव्या मुलाला तर सुरुवातीला स्वतःच्या जोरावर व्यवहार करायची परवानगीच नसते. पुढे मिळाली तरी मर्यादा ठरलेली असते, आणि ती ओलांडली की प्रणाली ओरडते. ते ओरडणं आम्हीच लिहितो.

दुसरी गोष्ट देखरेखीची. मालिकेत लोक मनाला येईल ते बोलतात, पाठवतात. खऱ्या फ्लोअरवर फोन आणि चॅट नोंदवले जातात. लायबर व्याजदराच्या आणि परकीय चलनाच्या घोटाळ्यांत ट्रेडरांचे संदेशच पुरावा ठरले होते. २०२२ साली खासगी फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मार्गाने झालेल्या कामाच्या बोलण्याची नोंद ठेवली नाही, म्हणून अमेरिकी नियामकांनी बड्या वित्तसंस्थांना मिळून सुमारे १८० कोटी डॉलरचा दंड केला.

तिसरी गोष्ट रात्रींची. पहिल्याच भागात हरी नावाचा मुलगा ऑफिसात राबून राबून तिथेच मरतो. हे हवेतून आलेलं नाही. २०१३ साली लंडनमध्ये एका बँकेतल्या २१ वर्षांच्या उमेदवाराचा मृत्यू झाला होता. चौकशीत कारण अपस्माराचा झटका निघालं. थकव्यामुळे तो आला असेल, पण तसं सिद्ध झालं नाही. २०२१ साली गोल्डमन सॅक्समधल्या पहिल्या वर्षाच्या १३ जणांनी स्वतःचीच पाहणी केली. त्यात आठवड्याला सरासरी ९५ तास काम आणि रात्री पाच तास झोप असं निघालं. पण ही मंडळी ट्रेडिंगची नव्हेत, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे प्रस्ताव तयार करणाऱ्या विभागातली. ट्रेडरचा दिवस बाजाराबरोबर सुरू होतो आणि साधारण बाजाराबरोबर संपतो. नोकरी निवडताना हा फरक माहीत हवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभा आहे ती सांगतो. या मालिकेतलं मला सगळ्यात खरं वाटलेलं दृश्य नशेचं नाही, आरडाओरड्याचंही नाही. हार्परचं व्यवहारात नुकसान होतं आणि ती सांगत नाही. आधी स्वतःच भरून काढायला बघते. ती मूर्ख नाही. पण आपण इथे चुकून आत आलोय, एक चूक दिसली की बाहेर काढतील, असं तिच्या मनात पक्कं बसलंय.

निक लीसनचं असंच झालं. लंडनजवळच्या वॉटफर्डचा, गिलावा करणाऱ्या कारागिराचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नाही. बेअरिंग्ज या बँकेने त्याला सिंगापूरला पाठवलं. १९९२ साली त्याच्या हाताखालच्या एकीने ग्राहकासाठी २० करार घेण्याऐवजी विकले. त्याच्याच सांगण्यानुसार नुकसान सुमारे २० हजार पौंडांचं होतं. ते त्याने ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात ढकललं. मग पुढचंही ढकललं. १९९५च्या फेब्रुवारीपर्यंत तो आकडा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला आणि १७६२ साली स्थापन झालेली बँक बुडाली. हे इतकी वर्षं चाललं कारण व्यवहार करणाराही तोच आणि त्यांचा हिशेब बघणाराही तोच होता. ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे हवीत, हा नियम आज माझ्या क्षेत्रात नवशिक्यालाही शिकवतात.

पण नियम सगळं करत नाही. माझंच सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी चलनांच्या दशांश चिन्हांचा एक तक्ता बदलला. येनला पैसे नसतात, पूर्ण येनच असतो. माझ्या बदलामुळे एका अहवालात येनच्या रकमा शंभराने भागल्या गेल्या. संध्याकाळी सहाला माझ्या लक्षात आलं. लंडनमध्ये दुपार होती. मनात पहिला विचार आला तो हा, की दहा मिनिटांचं काम आहे, गुपचूप दुरुस्त करतो, कुणाला कळणार? दुसरा विचार अब्बांचा आला. ‘पोरगा मोठ्या कंपनीत आहे’ असं ते मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत होते. तिसरा विचार तुमच्यातल्या अनेकांना ओळखीचा असेल. आपली चूक आपल्या एकट्याची धरली जाणार नाही. ‘हे लोक असेच’ म्हणतील.

चाळीस मिनिटं मी तसाच बसून होतो. मग टीम लीड मॅडमकडे गेलो. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कधीपासून? आकडा कुणी बघितला? कुणाला कळवलं? आणि लगेच लंडनला फोन लावला. तिथे कळलं, की डेस्कवरचा सगळ्यात नवा मुलगा दुपारपासून स्वतःचा हिशेब पुन्हा पुन्हा तपासतोय. आकडे जुळत नव्हते आणि वरिष्ठांनी त्यालाच फैलावर घेतलं होतं. त्याची काहीच चूक नव्हती. त्यातली चाळीस मिनिटं मी त्याला भोगायला लावली होती.

माझी नोकरी गेली नाही. रात्री नऊपर्यंत बसून दुरुस्ती केली, दुसऱ्या दिवशी झाल्या प्रकाराचा लेखी अहवाल दिला. त्या मुलाला मी कधी भेटलो नाही, पण ‘इंडस्ट्री’ बघताना मला हार्परच्या जागी तोच दिसत होता.

मग खालाच्या मुलाला मी काय सांगितलं? ट्रेडर व्हायचं तर जरूर हो. गणित पक्कं कर, व्याजदर आणि चलन शिक, एक्सेलवर हात बसव. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतात, तेव्हा पगार सोडून एक गोष्ट विचार: इथे नव्या माणसाकडून चूक झाली तर ती कुणाला आणि कशी सांगायची असते? समोरचा सरळ उत्तर देतो की हसून टाळतो, ते बघ. त्यावरून त्या ऑफिसबद्दल बरंच कळेल.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भाई, मागच्या सेमिस्टरला एक पेपर राहिलाय. घरी सांगितलं नाहीये."

मी म्हटलं, उद्या सकाळी खालाला सांग. आजच सांगितलंस तर आणखी बरं.