सेवानिवृत्तांची वसाहत

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. परंतु सुलतानबाजार, काचीगुडा या भागांतील कितीतरी मराठी कुटुंबे येथेच राहिली. प्रांत दुरावला, तरी त्यांना परकेपण फारसे जाणवले नाही. १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी, १९२२ चे मराठी ग्रंथसंग्रहालय अशा संस्थांची कामे त्यांनी स्वतः अंगावर घेतली होती.

आज अशा घरांतील अनेक मुले परदेशी आहेत आणि काही वृद्ध आईबाप शहराबाहेरच्या निवृत्तांच्या वसाहतींत राहावयास जात आहेत. तेथे जेवण वेळेवर मिळते, डॉक्टर जवळ असतो, सायंकाळी भजन होते, पत्त्यांचा डावही रंगतो. तरी पुष्कळांचे मन रमत नाही. सगळी व्यवस्था पगारी माणसे पाहतात. आपल्यावाचून कोणाचेच अडत नाही, ही जाणीव मनाला पोखरते.

उपाय अवघड नाही. वाचनालयाची नोंदवही निवृत्त कारकुनाकडे द्यावी. उगादी व गुढीपाडवा एकाच दिवशी येतात. त्या दिवशीच्या पच्चडीचा व श्रीखंडाचा बेत रहिवाशांनीच ठरवावा. तेथील सेवकांच्या मुलांचा अभ्यास निवृत्त शिक्षकांनी घ्यावा.

मुलांनाही एक विनंती. दूरध्वनीवर 'औषध घेतले का?' एवढेच विचारू नका. आईला एखादी पाककृती विचारा, वडिलांचा सल्ला घ्या. वृद्धापकाळी विश्रांती हवीच. पण आपली कोणाला तरी गरज आहे, हा आधार त्याहून अधिक हवा असतो.