दोन मुठींवर ध्रुव

पनवेलच्या दिव्यांच्या झगमगाटात तारे दिसतात तरी किती? म्हणून मुलांसोबत आधी खेळ संगणकावर. स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, ठिकाण पनवेल निवडा. ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे 19 अंशांवर दिसेल, कारण पनवेलचा अक्षांशही तेवढाच. आता पडद्यावरच मुलांना दिल्लीला न्या. तारा 28 अंशांच्याही वर चढतो. उत्तर ध्रुवावर न्या, तो थेट डोक्यावर! पृथ्वी गोल आहे हे मग घोकावं लागत नाही.

नंतर गच्चीवर चला. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश मापते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवा. दुसरी संपते तिथेच ध्रुव. खरं सांगू? मला पडद्यापेक्षा ही मूठच जास्त आवडते.

घुमटाखालचं आकाश अनुभवायचं असेल, तर वरळीचं नेहरू तारांगण 1977 पासून आहेच.

आणि हो, मेच्या मध्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एक काठी सरळ उभी करा. पनवेलला तेव्हा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते.