जाहिरातीपासून नेमणुकीच्या हुकमापर्यंत

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला अर्धा तास दिला आहे. साडेसातला आरती आहे आणि बाप्पा कोणासाठी थांबत नाहीत, म्हणून थेट विषयावर येतो. आधी एवढं सांगतो की मी कुठल्याही निवड मंडळाचा माणूस नाही. मार्ग व मकान विभागात अधिक मददनीश इजनेर आहे. सिव्हिल डिप्लोमावर मिळणारी ही वर्ग ३ ची जागा. नवी मुलं रुजू व्हायला येतात तेव्हा त्यांची कागदपत्रं ज्या टेबलावर तपासली जातात, त्या टेबलाशी काही वर्षं बसलो आहे. माझा अधिकार तेवढाच.

आपण वडोदऱ्याची मराठी माणसं. पणजोबा गायकवाडीत कारकून होते, आजोबा शाळाखात्यात होते, असं आपल्यापैकी अनेक घरांत अभिमानाने सांगितलं जातं. त्याबरोबर एक समजूतही वारशाने आली आहे, ती म्हणजे नोकरी ओळखीनेच लागते. माझ्याकडे येणाऱ्या दहा पालकांपैकी आठांचा पहिला प्रश्न असतो, "गांधीनगरला कोणी आहे का तुमच्या ओळखीचं?" मुलाने जाहिरात वाचली का, हे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून आधी एक आकडा. २०२३ साली झालेल्या तलाटीच्या परीक्षेला ३,४३७ जागांसाठी सतरा लाखांच्या आसपास अर्ज आले होते. परीक्षेला नक्की येणार अशी संमती ओजसवर भरून द्या, असं मंडळाने सांगितलं, तेव्हा निम्म्याच लोकांनी ती दिली. म्हणजे निम्मे अर्ज "भरून ठेवू, काय जातं आपलं" अशा विचाराने भरलेले होते. तेव्हा सतरा लाखांना घाबरू नका. मनापासून तयारी करणारे त्यातले थोडेच असतात.

आता भरती करणाऱ्याकडून काय अपेक्षा ठेवायची? पहिली अपेक्षा ही की जे ठरलं आहे ते जाहिरातीत छापलेलं असावं. जागा किती, त्यातल्या कोणत्या वर्गाला किती, वयाची गणना कोणत्या तारखेला, पात्रता कोणती, परीक्षा किती टप्प्यांची, चुकीच्या उत्तराला किती गुण कापणार. गौण सेवा पसंदगी मंडळाच्या परीक्षेत पाव गुण कापतात. फीचंही तसंच. २०२४ पासून या मंडळाने बिनराखीव उमेदवाराकडून ५०० आणि राखीवकडून ४०० रुपये घ्यायला सुरुवात केली, आणि जो परीक्षेला हजर राहील त्याला ते परत मिळतील, असं जाहीर केलं. हे सगळं जाहिरातीच्या पीडीएफमध्ये असतं. ती पीडीएफ तीस-चाळीस पानांची आणि गुजरातीत असते, म्हणून आपली मुलं ती वाचतच नाहीत. यूट्यूबवरच्या कोणा भाईने जे सांगितलं, ते खरं मानून चालतात.

एकदा भरती सुरू झाली की निवडीचे निकष अधेमधे बदलता येत नाहीत. हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तेच पुन्हा सांगितलं. नियमांतच आधीपासून तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशीच जाहिरात उतरवून ठेवा, छापून फाइलला लावा. पुढे काही वाद झाला तर तोच तुमचा कागद.

परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची येते. तिच्यावर हरकत घ्यायला थोडे दिवस दिलेले असतात. हरकत घ्यायची तर पुस्तकाचं पान जोडून घ्यायची. "मला वाटतं ब बरोबर आहे" याला कोणी विचारत नाही. मग अंतिम सूची, मग गुण. परीक्षा अनेक पाळ्यांत झाली असेल तर सोप्या आणि कठीण पेपरांचा मेळ घालण्यासाठी गुण सूत्राने कमीजास्त होतात, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. त्यावरून दरवेळी आरडाओरडा होतो आणि काही वेळा त्यात तथ्यही असतं. गुणांबद्दल शंका असेल तर माहिती अधिकार आहे. आपल्या राज्यात २० रुपये भरून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधलेले आहेत. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका ही माहितीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवलं आहे.

पेपरफुटीचं बोलायला हवं, कारण त्यामुळेच मुलं खचतात. २९ जानेवारी २०२३, रविवार. ज्युनियर क्लार्कची परीक्षा, जागा १,१८१, उमेदवार साडेनऊ लाख. पहाटे बसने निघालेली पोरं केंद्रावर पोहोचली तेव्हा कळलं की पेपर फुटला, परीक्षा रद्द. त्यातली काही धरपकड आपल्याच शहरात झाली, याची लाज वाटते. पण पुढचंही ऐका. ९ एप्रिलला परीक्षा पुन्हा झाली आणि आलेल्या उमेदवारांना प्रवासखर्चाचे २५४ रुपये बँकेत जमा करायचं ठरलं. २५४ रुपयांत त्या पहाटेची भरपाई होत नाही, हे मान्य. तरी उमेदवाराचा वेळ आणि बसभाडं यांनाही किंमत आहे, हे कोणी सरकारी कागदावर लिहिलं, हे मला महत्त्वाचं वाटलं. त्याच फेब्रुवारीत विधानसभेने कायदा केला. पेपर फोडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. फुटलेला पेपर विकत घेणारा उमेदवारही त्यातून सुटत नाही. हे पालकांनी नीट ऐकावं, कारण पैसे पालक देतात.

आता कागदपत्रं. इथे जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या मराठी घरांतली हुशार मुलं इथेच अडकताना मी पाहिली आहेत. पहिली अडचण नावाची. गुजरातीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आपल्याकडे आजीने "आनंदराव" म्हटलं म्हणून शाळेत आनंदराव, आधारवर आनंद, डिप्लोमाच्या गुणपत्रकावर आनंदकुमार. शिंदेचं इंग्रजी स्पेलिंग एका दाखल्यावर एक, दुसऱ्यावर दुसरं. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका, माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि काही घरांत नावही बदललेलं. निवड झाल्यावर प्रमाणपत्र चकासणीला पंधरा दिवस मिळतात न मिळतात. राजपत्रात नाव बदलून आणायला त्यापेक्षा जास्त लागतात. हे काम आज करायचं, निवड झाल्यावर नाही.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. काही कुटुंबांकडे सातारा, कोल्हापूर, धुळ्याकडचे जुने दाखले आहेत. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर गुजरातेत राज्याचं आरक्षण मिळत नाही. जात तीच असली तरी राज्याची यादी वेगळी असते. इथल्या यादीत तुमची जात सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्गात असेल, तर कुटुंब १ एप्रिल १९७८ च्या आधीपासून गुजरातेत राहत असल्याचा पुरावा मागतात. आपण इथे शंभर-दीडशे वर्षं आहोत, पण शंभर वर्षं आहोत हे सांगणं वेगळं आणि कागदावर दाखवणं वेगळं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं मतदार यादीचं पान, घरपट्टीची पावती, नोकरीचा हुकूम. पत्र्याच्या पेटीतले हे कागद साफसफाईत रद्दीत टाकू नका. दिवाळी जवळ आली आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

तिसरी गोष्ट, नमुना. नॉन क्रीमीलेयरचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या इंग्रजी नमुन्यात काढलेला असतो, कारण मुलाने आधी रेल्वेचा अर्ज भरलेला असतो. राज्याच्या भरतीला राज्याचा नमुना लागतो, आणि जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीत काढलेला लागतो. एका मुलीचे गुण चांगले होते, दाखला मुदतीनंतर चार दिवसांनी काढलेला होता. तिला बिनराखीव यादीत धरलं आणि तिथे ती दोन गुणांनी खाली राहिली. टेबलाच्या अलीकडे बसून हे पाहणं सोपं नसतं. तपासणाऱ्याच्या हातात ती चार दिवसांची सूट नसते.

आणि गुजराती. रागावू नका, पण हे मराठी मंडळाच्याच व्यासपीठावरून बोलायला हवं. आपली मुलं घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत गुजराती बोलतात. बोलतात फाडफाड, पण लिहायला सांगितलं की हात थांबतो. परीक्षेत गुजराती व्याकरण असतं, आणि नोकरीत तर रोजची टिपणं गुजरातीतच लिहायची असतात. मराठी टिकवा, त्यासाठीच हे मंडळ आहे. पण गुजराती लिहिता येत नाही याचा अभिमान बाळगण्यासारखं त्यात काही नाही.

समजा, यादीत नाव आलं. पेढे वाटले. नोकरी मिळाली का? अजून नाही. निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. सरकार काही जागा न भरण्याचं ठरवू शकतं, मात्र त्याला योग्य कारण हवं, मनमानी चालत नाही. म्हणून यादी लागली की चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. हुकूम हातात येऊ द्या.

हुकमावर पगाराचा आकडा पाहून बरीच मुलं दचकतात. २००६ पासून आपल्याकडे फिक्स पगाराची पद्धत आहे. पहिली पाच वर्षं ठरावीक रक्कम, मग नियमित वेतनश्रेणी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस टक्क्यांनी वाढली. माझ्या जागेसाठी ३८,०९० ची ४९,६०० झाली, सगळ्यात खालच्या पायरीला १६,२२४ ची २१,१०० झाली. लग्नाच्या बैठकीत "सरकारी नोकरी" म्हणताना कोणता आकडा सांगायचा, तो ज्याचा त्याने ठरवावा.

आणि जागा वडोदऱ्यातच मिळेल ही आशा सोडा. जिल्हा गुणांच्या क्रमाने आणि रिकाम्या जागांप्रमाणे मिळतो. कच्छ मिळेल, दाहोद मिळेल, डांग मिळेल. आईला म्हणावं, डब्याची काळजी करू नकोस. खोलीची काळजी मात्र करावी लागते. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच शहरात नोकरीवर रुजू झाले. महाराजांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवलेला तो विद्वान माणूस. त्यांना इथे राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं आणि ते सयाजीबागेत झाडाखाली येऊन बसले. ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून दाखवतो. नवीन गावी बदलून गेलेल्या मुलांना खोली देण्याआधी घरमालक आजही आडनाव विचारतात, काय खाता विचारतात. तुमच्या विभागात असं कोणी आलं आणि तुमच्या घरात खोली रिकामी असली, तर तिथे तुम्ही काय विचारता तेही पाहा.

एजंटांबद्दल दोन शब्द. सरकारी कचेऱ्यांत आज बरीच माणसं एजन्सीमार्फत, कंत्राटावर बसलेली असतात. तीही कामं प्रामाणिकपणे करतात, पण ती सरकारी नोकरी नव्हे. एजंट याच गोंधळाचा फायदा घेतो. "आधी आउटसोर्समध्ये चिकटवतो, वर्षभरात कायम करतो." माझ्या ओळखीच्या एका घराने यासाठी सुनेच्या पाटल्या मोडल्या. मुलगा अकरा महिने कामावर होता, मग एजन्सीचं कंत्राट संपलं. एजंटचा फोन लागत नाही. तक्रारही करता येईना, कारण पैसे दिल्याचं सांगायचं कुठल्या तोंडाने? भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर जाहिरातीतल्या फीखेरीज एक रुपयाही कोणाला द्यावा लागत नाही.

खाजगी कंपन्यांचं थोडक्यात. मकरपुरा, नंदेसरी, हालोल, सावलीकडे डिप्लोमावाल्यांना काम आहे. नेमणूक पत्र लेखी मागा, पगार कंपनी देणार की कंत्राटदार ते विचारा, पीएफ कापला जातो का ते पाहा. अप्रेंटिसशिप मिळाली तर घ्या, शिकायला मिळतं. मात्र ती संपल्यावर त्याच कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. आणि परीक्षा देत असाल तर काम करत द्या. चार-चार वर्षं नुसतं वाचनालयात बसलेली मुलं मी पाहतो. त्यांच्या हातून पेपरही सुटत नाही आणि हातातलं कसबही जातं.

कार्यवाह घड्याळ दाखवत आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही तिघेजण इथेच टेबल मांडून बसणार आहोत, एक मामलतदार कचेरीतले निवृत्त गृहस्थ, एक शाळेतल्या बाई आणि मी. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, गुणपत्रकं आणि असतील ते जुने कागद मूळ स्वरूपात घेऊन या, नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे ताडून पाहू. ओजसचा पासवर्ड कोणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.

चला, आरतीला उभे राहू. गणपती बाप्पा मोरया.